बारा नंबरचा खर्च

"खर्च सांगायचा तर सगळा सांगायचा. निम्मा खर्च सांगणं म्हणजे निम्मं खोटं बोलणं."

मोठ्या बाईंनी हे मला ऐकवलं तेव्हा त्यांच्या ओठांत चार टाचण्या होत्या. आमचा शिवणवर्ग त्यांनीच सुरू केला, आणि तोंडात टाचण्या धरून त्या जितकं स्पष्ट बोलायच्या तितकं लोक माइक धरूनही बोलत नाहीत. त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यांची खुर्ची माझ्याकडे आली, कात्री माझ्याकडे आली आणि हे वाक्यही माझ्याकडेच आलं. खुर्चीचा एक पाय हलतो, कात्रीची धार गेली आहे. वाक्य मात्र अजून टोचतं.

माझं म्हणाल तर मी साधी बाई आहे. आवाज इतका बारीक की मागच्या रांगेतल्या बायका ओरडतात, "बाई, तुम्हीही ओरडा की जरा!" रोज पहाटे मी देवापुढे दिवा लावते, एक पान वाचते, दुपारी तीन ते चार मौन पाळते आणि खोटं बोलत नाही. पहिल्या तीन नेमांचा कुणाला त्रास होत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. चौथ्याचा आमच्या ह्यांना होतो, कारण नवा सदरा घालून ते "कसा दिसतो?" असं मलाच विचारायला येतात.

आमच्या वर्गात अठरा पायमशिनं आहेत. जी ज्या मशीनवर बसते तिला त्या नंबरानं हाक मारायची, ही मोठ्या बाईंची पद्धत. "सात नंबर, टीप वाकडी गेली." "पंधरा, उसव ते." त्यांचं म्हणणं असं की या दारातून आत आलं की कुणी अमक्याची बायको नाही आणि तमक्याची सून नाही, मशीन सांगेल ती ओळख. त्यामुळे आमचा हजेरीपटही मशीनचाच. एका मशीनला एक ओळ. सकाळच्या तुकडीची खूण निळ्या शाईनं, दुपारच्या तुकडीची लाल शाईनं. याहून सोयीचा हजेरीपट जगात नसेल, अशी माझी महिनाभरापूर्वीपर्यंत ठाम समजूत होती.

तर एके दिवशी सकाळच्या तुकडीतली बारा नंबर (दुपारी ते मशीन रिकामंच असतं) वर्ग सुटल्यावर माझ्या टेबलाशी आली आणि तिनं कात्री पुढे ठेवली.

"वर्गाची आहे बाई. परत करते."

"का गं? अजून तीन महिने आहेत परीक्षेला."

"सासरे पडले. कमरेचं हाड. तीन महिने बिछान्यावर म्हणालेत. ह्यांची नोकरी फिरतीची. मामंजींना एकटं टाकून कशी येऊ?"

गणवेश शिवण्याच्या एका कारखान्यात तिला जागा ठरली होती. प्रमाणपत्र आणलं की कामावर घेतो, पण परीक्षेनंतर थांबणार नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. हे सगळं ती शेजारणीची गोष्ट सांगावी तसं सांगत होती आणि सांगताना कात्रीची पाती पदरानं पुसत होती.

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझं मशीन मी कुणाला देणार नाही, आणि तुझा वर्ग बुडू देणार नाही."

इतर माणसं असं बोलून घरी जाऊन चहा पिऊ शकतात. मला तो चौथा नेम आहे.

मी परीक्षा मंडळाला पत्र लिहिलं. उत्तर आलं की घरून शिकलेलं चालेल, पण नुसतं फोनवर सांगितलेलं चालणार नाही. हजेरी 'ऑनलाइन शिक्षण व्यवस्थापन प्रणाली'त नोंदलेली हवी. खाली प्रणाली म्हणजे काय तेही दिलं होतं. ती धडे ठेवते, गृहपाठ घेते, हजेरी लावते, गुण देते आणि कुणी मागे पडलं तर आठवण करते. म्हणजे थोडक्यात मीच, फक्त विजेवर चालणारी.

मग समितीची बैठक. आमची समिती तिघांची. अध्यक्ष, जे बैठकीत डोळे मिटून चिंतन करतात आणि अधूनमधून घोरतात. मी. आणि खजिनदार बटणकाका. जिन्याच्या पायथ्याशी त्यांचं बटणांचं दुकान आहे. एक बटण मागा, ते दोन वेळा मोजून देतात. त्यांची बायको आमच्या पहिल्या तुकडीतली. काका घरी अजून तिला "चार नंबर" म्हणूनच हाक मारतात.

"शिवण? ऑनलाइन?" काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "उद्या म्हणाल, न्हाव्याकडे जायला नको, डोक्याचा फोटो पाठवा!"

"काका, बाराचं वर्ष वाया जाईल."

"अहो, सुई बोटात टोचल्याशिवाय शिवण येत नाही. फोन काय टोचणार? हे यंत्र एका जरी बाईला शिवण शिकवील ना, तर तिचं मशीन मी स्वतः डोक्यावरून तिच्या घरी पोचवीन. घ्या लिहून!"

मी घेतलं लिहून. बैठकीचं इतिवृत्त मीच लिहिते, आणि जे बोललं गेलं ते सगळं लिहिते. तेवढ्यात अध्यक्ष जागे झाले आणि "अनुमोदन" म्हणाले. त्यामुळे तो रीतसर ठरावच झाला. त्याच्या पुढचा ठराव असा की अशी प्रणाली घ्यायची तर खर्च काय येईल, याचं एक टिपण मी तयार करावं. एक पान.

एक पान! मोठ्या बाई असत्या तर टाचण्यांसकट हसल्या असत्या.

संगणकावर शोधलं तेव्हा एका कंपनीनं म्हटलं होतं, एका चहाच्या खर्चात एक वापरकर्ता. चहा कुठला, किती मोठ्या कपाचा, ते नव्हतं. पण तीस दिवस फुकट वापरून बघा असंही होतं. टिपण लिहायचं तर वापरून बघायला हवं, म्हणून मी दोन बोटांनी टाइप करत नोंदणी केली. तक्त्यात तीन रकाने होते: नाव, नंबर, गट. मी हजेरीपट शेजारी ठेवला आणि इमानानं उतरवून काढला. नाव, मशीन एक. नंबर, हजेरीपटात प्रत्येक मशीनपुढे असतो तो दहा आकडी. गट, निळा-लाल. पहिल्या धड्याचं नाव मागितलं, तिथं लिहिलं काज.

तो दहा आकडी नंबर मशीनच्या पोटावर कारखान्याचा ठोकलेला असतो. चोरीला गेलं तर ओळख पटावी म्हणून आम्ही तो लिहून ठेवतो. प्रणाली बिचारी नवीन. तिला तो फोन वाटला.

दुसऱ्या दिवशी अठरा ठिकाणी निरोप गेले. 'प्रिय मशीन तीन, आज आपण काज या धड्यास अनुपस्थित होता. आपल्या पालकांना कळवण्यात येईल.' अठरापैकी अकरा नंबर कुणाचेच नव्हते. सात होते.

पहिला फोन एका ट्रकचालकाचा. "बाई, काज म्हणजे काय, आणि मी तो का केला नाही?"

दुसऱ्या होत्या एक बाई. "पालकांना कळवणार म्हणता? जरूर कळवा. आई माझी त्र्याऐंशीची आहे. तिला हल्ली कुणी काही कळवत नाही."

मी सहा जणांची फोनवर एकेक करून क्षमा मागितली. ट्रकचालकाला काज म्हणजे काय तेही समजावलं. अर्धवट सांगून फोन ठेवणं बरं दिसेना. सातवा नंबर लागला एका गृहस्थांना. जन्मभर जमीन मोजणीच्या खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेले. त्यांनी तक्रार केली नाही. गृहपाठ पाठवला. पांढऱ्या कापडावर काज, फोटोत शेजारी पट्टी ठेवलेली, आणि कोपऱ्यात उत्तर दिशा दाखवणारा बाण. प्रणालीनं त्यांना दहापैकी नऊ गुण दिले. मीही तेवढेच दिले असते.

"माफ करा, चुकून तुम्हाला..." मी फोनवर सुरुवात केली.

"ते राहू द्या बाई. पुढचा धडा कधी?"

माझ्या टिपणात नववी बाब लिहिली गेली: क्षमायाचनेचे फोन, सहा.

नीट नंबर घालून बाराला जोडून घेतलं आणि मग धडे तयार करायचे राहिले. त्यासाठी कुणीतरी माझे हात चित्रित करायला हवेत. वरच्या मजल्यावरच्या वहिनी आपण होऊन आल्या. वहिनींच्या जावयाची चुलत बहीण ऑनलाइन चित्रकला शिकवते, त्यामुळे या विषयातला शेवटचा शब्द त्यांचा असतो.

"निळी साडी नको. जांभळी नेसा. कॅमेऱ्यात जांभळा खुलतो."

"वहिनी, फक्त हात दिसणार आहेत."

"मग बांगड्या तरी बदला! आणि हसत बोला."

"हात कसे हसतील?"

पहिला धडा नऊ मिनिटांचा झाला. लावून बघितला तर त्यात पंखा छान ऐकू येत होता. मी मात्र कुठेच नव्हते. वहिनी फोन कानाला लावून बराच वेळ बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुमचा आवाज म्हणजे मुंगीनं मुंगीला सांगितलेलं गुपित." सतरावी बाब: माइक. पंखा बंद करून पुन्हा केला, तर घामानं कापड हातातून सुटू लागलं. अठरावी बाब: हातरुमाल. मला हसू नका. मोठ्या बाईंनी सगळा खर्च म्हटलं होतं. त्यांनी हातरुमाल वगळून असं कुठं म्हटलं होतं?

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं आमचे हे म्हणाले. आमचे हे वजनमापे खात्यात तीस वर्षं होते. दुकानदारांची खोटी वजनं पकडण्यात त्यांचं आयुष्य गेलं, त्यामुळे कोंबडीचा उल्लेख आला तरी त्यांना आधी तराजू दिसतो.

आता तिसऱ्या नेमाची गोष्ट सांगायला हवी. कंपनीतल्या एक सल्लागार मॅडम मला अधूनमधून फोन करायच्या. गोड आवाज, श्वास न घेता बोलणं. मी "समिती ठरवील" म्हणून सोडून द्यायची. एक दिवस तीन वाजून दहा मिनिटांनी वर्गातला फोन वाजला. वर्ग रिकामा, मी एकटी मशिनांना तेल घालत होते. मौनात मी फोन घेत नाही, पण बाराचे सासरे आजारी, तिचाच असला तर? म्हणून उचलला आणि कानाला लावला.

"ताई, अभिनंदन! आपल्यासाठी सुवर्ण योजना काढून ठेवलीये. घेऊ या ना?"

मी गप्प.

"विचार करताय, छान. तीन वर्षांची घेतली तर सवलत बसते. तीनच करू?"

फोन आपटता आला असता. पण फोन आपटणं हेही एक प्रकारचं बोलणंच, आणि तेही वाईट. मी तेलाची कुपी टेबलावर ठक्‌कन ठेवली.

"वा! आणि वापरकर्ते पाचशे धरते हं. संस्था वाढणारच की. काही हरकत असेल तर आत्ताच सांगा, ताई."

मी सगळा नकार गोळा करून "हं" एवढंच केलं.

"नाही ना हरकत? मग पक्कं!"

दुसऱ्या दिवशी बिल आलं. बटणकाकांनी ते जिन्यातच वाचलं आणि जिन्यातच बसले.

"पाचशे? अहो, आपल्या गल्लीत उंदीर धरून पाचशे जीव नाहीत!"

"मी हो म्हटलं नव्हतं, काका."

"मग काय म्हटलंत?"

"काही नाही."

"तेच तर! मौन म्हणजे संमती, हे शाळेत नाही शिकलात?" मग जरा आवाज खाली आणून, "मोठ्या बाईंच्या वेळी असं काही झालं नव्हतं."

हे मात्र लागलं. बिलापेक्षा जास्त लागलं. आवाज बारीक असला म्हणून माणसाला मान नसतो असं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी दिवा लावताना देवाला काही मागितलं नाही, पण जरा रागानं बघितलं.

वरच्या वहिनींकडे उपाय तयार होता. "सांगा, फोन मी उचललाच नाही. मांजर चालली त्याच्यावरून."

"वर्गात मांजर नाही, वहिनी."

"मग पाळा! बिलापेक्षा मांजर स्वस्त."

आमचे हे आणि मी दोघं कंपनीच्या कार्यालयात गेलो. काचेची दारं, गार हवा, कागदी टोकन. योजना रद्द करायची म्हणताच एकानं अर्ज दिला, दुसऱ्यानं अर्जावर शिक्का दिला, आणि तिसऱ्यानं खिडकी दाखवली. खिडकीवर पाटी होती: 'रद्दबातल कक्ष. वेळ: दुपारी ३ ते ४.'

आम्ही एकमेकांकडे बघितलं. तीनला दोन मिनिटं होती. खिडकी उघडली तेव्हा तीन वाजून एक मिनिट झालं होतं.

"संमती कुणी दिली होती?" आतल्या कारकुनानं विचारलं.

आमचे हे माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "हिनं. म्हणजे दिली नव्हती. तेच तर सांगायचंय."

"त्यांनी स्वतः सांगायला हवं. तोंडी."

मी पिशवीतून कागद काढून लिहिलं, 'मी संमती दिली नव्हती.'

"तोंडी, मॅडम."

मी लिहिलं, 'चार वाजता सांगते.'

"चार वाजता खिडकी बंद होते."

इथं आमच्या ह्यांचा तीस वर्षांचा अनुभव उसळला. "म्हणजे बोलणाऱ्याची वेळ आणि ऐकणाऱ्याची वेळ कधीच जुळणार नाही? मी माझ्या आयुष्यात पुष्कळ खोटी मापं पकडली, पण घड्याळाचं खोटं माप पहिल्यांदाच बघतोय!"

एकवीस वर्षांचा माझा नेम आहे. तो मोडला असता तर देव रागावला नसता, एवढं मला कळतं. पण पाचशे लोकांच्या बिलासाठी तो मोडायचा, आणि उद्या चार लोकांच्या बिलासाठीही मोडायचा? मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले. मागे रांग लागली. रांगेतल्या एकांनी माझा घसा बसला आहे असं समजून मला खडीसाखर दिली.

आवाज ऐकून आतून एक बाई आल्या. चष्मा केसांत खोचलेला, हातात अर्धी खाल्लेली पोळी. जेवणाची सुट्टी मोडून आल्या होत्या. कारकुनानं तक्रार ऐकवली. त्यांनी माझे दोन्ही कागद वाचले आणि म्हणाल्या, "फोनचं ध्वनिमुद्रण असेल ना? लाव."

लावलं. अकरा मिनिटं. सल्लागार मॅडमचा आवाज सोडला तर त्यात आमच्या वर्गाचं भिंतीवरचं घड्याळ होतं, तेलाची कुपी ठक्‌कन ठेवल्याचा आवाज होता, आणि एकदा "हं."

"यात 'हो' कुठं आहे?" बाईंनी विचारलं.

"पण मॅडम, 'नाही' तरी कुठं आहे?" कारकून म्हणाला.

"नाही सांगावं लागत नाही. हो सांगावं लागतं." त्यांनी शिक्का उचलला आणि बिलावर मारला. मग पोळीचा घास घेत मला विचारलं, "पण ताई, तुम्हाला नेमकं हवं काय होतं?"

मी कागदाच्या मागे बाराबद्दल चार ओळी लिहिल्या. त्यांनी त्या सावकाश वाचल्या. "आमच्याकडे एक छोट्या गटाची योजना आहे. दहा जणांपर्यंत. पण ती कुणी मागत नाही."

आमच्या ह्यांनी विचारलं, "का?"

"आम्ही ती कुणाला दाखवत नाही म्हणून."

भिंतीवर चार वाजले. मी म्हणाले, "तुमचे फार आभार." आणि खिडकी धाडकन बंद झाली.

परतताना मी बाराकडे वळले. धडे कसे चाललेत ते बघायला. घर एका खोलीचं. खाटेवर सासरे, खाटेच्या पायथ्याशी बसकण मारून बारा, आणि पाण्याच्या तांब्याला टेकवलेला फोन. फोनवर माझे हात कॉलर जोडत होते. समोर ठेवलेल्या पाटावर ती कापड सरकवत होती, जसं मशीनखाली सरकवतात तसं, अगदी त्याच वेगानं. आणि तिचा उजवा पाय जमिनीवर वरखाली, वरखाली चालला होता.

"बाई, तिला आवरा!" सासरे खाटेवरून म्हणाले. "दिवसभर पाय हलवते. मला वाटतं भूकंपच चाललाय."

"हातशिलाईचं सगळं केलं बाई," बारा म्हणाली. "चारही धडे झाले. पण कॉलरीची टीप हातानं कशी बसणार? म्हणून नुसती सवय ठेवतेय. मशीन मिळालं की पाय विसरायला नको."

काज तिनं दाखवला. मी तो उजेडात धरून बघितला. मोठ्या बाईंनीही उसवायला सांगितलं नसतं.

आणि इतके दिवस सदतीस बाबी लिहूनही ही एक बाब माझ्या ध्यानात आली नव्हती. कोरड्या जमिनीवर पोहायला शिकवत होते मी. वर्गाचं मशीन वर्गाबाहेर न्यायचं तर खजिनदारांची सही लागते, आणि खजिनदारांनी वर्गाची टाचणीही कधी जिन्याखाली उतरू दिलेली नाही.

घरी येऊन मी टिपण पुरं केलं. एकूण बाबी त्रेचाळीस. ह्यांना वाचायला दिलं. त्यांनी कागद हातावर ठेवून वजन केल्यासारखा वरखाली केला.

"हे एकच पारडं झालं."

"म्हणजे?"

"प्रणाली घ्यायचा खर्च लिहिलास. न घ्यायचा कुठंय? एका पारड्याचा तराजू मी तीस वर्षांत जप्त केला असता."

मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, सगळा. मी निम्माच लिहिला होता. मी पेन उचललं आणि शेवटी एका कोऱ्या पानावर एक ओळ लिहिली.

बैठक अडीच वाजता सुरू झाली. मी वाचायला लागले. छोट्या गटाची योजना, तिचा वर्षाचा आकडा, माइक, इंटरनेट, हातरुमाल. प्रत्येक बाबीला काका "हं" म्हणत, आणि त्यांच्या "हं"मध्ये नकार कसा स्पष्ट ऐकू येतो याचा मी जरा हेव्यानं विचार केला. जमेच्या बाजूला नकाशेवाल्या गृहस्थांचं नाव होतं. त्यांनी फी भरून रीतसर प्रवेश मागितला होता, आणि पत्रासोबत आपल्या घरापासून वर्गापर्यंतचा नकाशा जोडला होता, गरज पडली तर म्हणून. एकतिसाव्या बाबीवर होते आणि घड्याळात तीन वाजले.

मी कागद काकांच्या पुढे सरकवला.

"हे काय? वाचा की पुढे!"

मी घड्याळाकडे बोट दाखवलं.

"अहो, आज तरी!... बरं, बरं. द्या इकडे." काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि मोठ्यानं वाचायला लागले. काकांचा आवाज चांगला भरदार आहे. दुकानातून वरच्या मजल्यावर बटणांचे भाव ऐकू येतात. बत्तीस. तेहेतीस. प्रत्येक बाब माझ्यावर खेकसल्यासारखी वाचत होते. "अडतीस. बारा नंबरकडे घरी मशीन नाही." ते थांबले. "एकोणचाळीस. मशीन नसताना तिनं चार धडे पूर्ण केले. काज तपासला. उत्तम." पुन्हा थांबले. "चाळीस. ती पाटावर कापड ठेवून मशीन चालवल्यासारखा पाय हलवते, विसरू नये म्हणून."

त्रेचाळीसपर्यंत आवाज बराच उतरला होता. मग त्यांनी पान उलटलं.

"न घेण्याचा खर्च," त्यांनी वाचलं. "बारा नंबर."

त्यांनी पुढचं पान बघितलं. कोरं होतं. मागं बघितलं. तेही कोरं.

"पुढं?" त्यांनी मला विचारलं.

मी मान हलवली. पुढं काही नव्हतं.

अध्यक्ष जागे झाले. "अनुमोदन."

"कशाला अनुमोदन? ऐकलंत तरी का?"

"ते बारा का काय म्हणालात ना शेवटी," अध्यक्ष म्हणाले, "त्याला."

 काकांनी इतिवृत्ताची वही मागितली, स्वतःच पानं उलटून मागची बैठक काढली आणि एका ओळीवर बोट ठेवून ती मनातल्या मनात वाचली. ओठ हलत होते, म्हणून मला कळलं कुठली ओळ ते. वही मिटली. टिपणावर सही केली. आणि खाली निघून गेले.

मला वाटलं, रागावले. पण पाचएक मिनिटांत जिन्यावर पावलं वाजली. काका एका हातात पेचकस घेऊन आले होते. दुसऱ्या हातात हातमशिनाचं चाक आणि लाकडी बैठक. जुनी होती, पण पुसून चकचकीत ठेवलेली. कुणाची, ते विचारायची माझ्यावर बंदी होती. पण बैठकीच्या कडेला खिळ्यानं कोरलेला '४' मला दिसला.

त्यांनी बारा नंबरचं मशीन लोखंडी सांगाड्यावरून सोडवलं, बैठकीवर बसवलं, चाक जोडून दोनदा फिरवून पाहिलं. मग मशीन उचललं आणि इकडेतिकडे बघायला लागले. खाली त्यांची स्कूटर उभी होती. मी खिडकीतून तिच्याकडे बोट दाखवलं.

"नाही," काका पुटपुटले. "डोक्यावरून म्हटलंय. लिहिलंय तसं."

तेव्हा मी उठले. कापडाच्या तुकड्यांच्या पेटीतून लांबशी पट्टी काढली, पिळून गोल केली, चांगली जाड चुंबळ केली आणि त्यांच्या टकलावर ठेवली. अध्यक्षांनी आणि मी मिळून मशीन वर चढवलं. काकांनी मान ताठ केली.

"चार वाजल्यावर वहिनींना सांगू नका हं," ते मान न हलवता म्हणाले. "सगळ्या गल्लीला कळेल."

मी दार धरून उभी राहिले. ते एकेक पायरी मोजत जिना उतरले, जशी बटणं मोजतात तशी, प्रत्येक पायरी दोनदा. दुकानासमोर थांबले नाहीत. उजवीकडे वळले, बाराच्या गल्लीकडे. घड्याळात चारला वीस मिनिटं कमी होती.